घराबाहेर पडल्यावर

मुंबई चांगली की पुणं, हा वाद मराठी घरात कुठेही पेटतो. फराळाच्या ताटांभोवती, लग्नाच्या मांडवात, रेल्वेच्या डब्यात. नागपूरकर आपल्या रुंद रस्त्यांची बाजू मांडतो, कोल्हापूरकराला तर मुळात हा वादच मान्य नसतो. हवा, पाणी, जेवण, माणसं, शाळा अशी प्रत्येकाची कारणं ठरलेली असतात आणि प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असतो. संपादकांनी यंदा ‘राहावं असं शहर’ हा विषय दिला, तेव्हा या वादात आणखी एक मत घालण्यापेक्षा थोडं फिरून यावं असं वाटलं.

सरकारनेही हा वाद एकदा यादी करून मिटवायचा प्रयत्न केला होता. केंद्राच्या राहणीमान निर्देशांकात २०१८ साली १११ शहरांमध्ये पुणं पहिलं आलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. मार्च २०२१मध्ये पुढची यादी जाहीर झाली, त्यात दहा लाखांवरच्या शहरांत बेंगळुरू पहिलं आणि पुणं दुसरं. पण ती यादी वाचून कुणी बिऱ्हाड हलवलं असेल असं वाटत नाही. माणसं नोकरीमागे येतात, लग्न होऊन येतात, मुलांच्या शिक्षणासाठी येतात. शहर आवडतं किंवा नावडतं ते त्यानंतर, रोजच्या दिवसाच्या रेट्यात.

म्हणून चारही शहरांत भेटेल त्याला मी एकच प्रश्न विचारत गेले. तुमच्या घरातलं सगळ्यात म्हातारं आणि सगळ्यात लहान माणूस एकटं कुठवर जाऊन येतं? कमावतं माणूस कुठेही निभावून नेतं. त्याच्या हातात गाडी असते, खिशात पैसे असतात, अंगात जोर असतो. शहराचं खरं वागणं कळतं ते ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांच्याकडे पाहून. आणि अशी दोन माणसं बहुतेक प्रत्येक घरात असतात.

दादरचा एक फेरा

रानडे रोडच्या मागच्या गल्लीत तीन मजली जुन्या इमारतीत एक आजी राहतात. ऐंशी ओलांडलेली. गुडघे दुखतात, पण पहिल्या मजल्यावरून कठड्याला धरून रोज खाली उतरतात. त्यांच्याबरोबर मी सकाळचा एक फेरा केला. इमारतीच्या दाराशीच वाण्याचं दुकान. त्याला लागून इस्त्रीवाला, तिथे दोन साड्या टाकल्या. पुढे औषधांचं दुकान, तिथल्या मुलाने त्यांना पाहून विचारण्याआधीच रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढून ठेवली. मग बँकेत पासबुक भरून घेतलं. येताना भाजीवालीकडून पावशेर गवार, फुलवालीकडून पुडी. कोपऱ्यावर ओळखीच्या बाई भेटल्या, त्यांच्याशी दहा मिनिटं बोलणं. सगळं मिळून अर्धा किलोमीटरही झालं नसेल. या फेऱ्यात त्यांनी एकदाही रिक्षाला हात केला नाही, घरातल्या कुणाला फोन केला नाही.

हे आपोआप झालेलं नाही. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत दोनच वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर, माटुंगा, वडाळा या भागांची आखणी त्याने केली. रस्ते आधी ठरले, इमारती नंतर उभ्या राहिल्या. भूखंड लहान, इमारती तीन-चार मजल्यांच्या, तळमजल्याला दुकानं, वर बिऱ्हाडं. म्हणजे रस्त्यावर कुणीतरी बसलेलं असतं, वरून कुणीतरी बघत असतं. मुलं शिवाजी पार्कात एकटी खेळायला जातात, कारण कट्ट्यावर बसलेल्यांपैकी निम्मी माणसं त्यांना ओळखतात.

दुसरं कारण भाड्याचं. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंचं भाडं जवळजवळ गोठवलं. त्यातून इमारतींची दुरुस्ती रखडली, पागडीचा व्यवहार फोफावला, घरमालक आणि भाडेकरू पिढ्यान् पिढ्या कोर्टात गेले. ते सगळं खरं. पण याच कायद्यामुळे एका शिक्षकाची किंवा गिरणी कामगाराची विधवा शहराच्या मध्यभागी राहू शकली. आज बाजारभावाने त्या गल्लीत घर घेणं अशा घरातल्या कुणालाच परवडणार नाही.

आता या गल्ल्यांतून पुनर्विकास चालू आहे. त्याला विरोध करण्याचं कारण नाही. गळकं छत आणि सामायिक संडास यांत कसलीही थोरवी नसते. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या वाढल्या. तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. स्वतःचं न्हाणीघर मिळालेल्या बाईला चाळीतल्या एकोप्याची गोडी सांगायला कुणी जाऊ नये. काळजी वाटते ती इमारतीच्या पायथ्याची. दादर-परळमध्ये जे नवे मनोरे उभे राहत आहेत, त्यांतल्या अनेकांच्या तळाला गाड्यांसाठी चार-पाच मजले असतात. जिथे वाण्याचं आणि इस्त्रीवाल्याचं दुकान होतं, तिथे रस्त्याच्या बाजूने लांबलचक भिंत येते, एक फाटक आणि एक सुरक्षारक्षक. आजींच्या गल्लीत अशा दोन इमारती झाल्या आहेत. त्यांच्यासमोरून चालताना आजी थांबल्या नाहीत, कारण थांबायला तिथे काही नव्हतं.

चौथी सीट

दादरचं सुख दादरमध्ये राहणाऱ्यांना. मुंबईत काम करणाऱ्या मराठी माणसांतला मोठा हिस्सा डोंबिवली, कल्याण, बदलापूर, विरारला राहतो आणि त्याचा दिवस गाडीच्या वेळेवर बेतलेला असतो. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिथपासून हे शहर रुळांच्या कडेकडेने वाढत गेलं. साहजिकच पत्ता सांगताना इथला माणूस आधी स्टेशन सांगतो, मग पूर्व की पश्चिम.

डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी उभं राहिलं की या व्यवस्थेची ताकद आणि निर्दयपणा दोन्ही एकाच वेळी दिसतात. तीन माणसांच्या बाकड्यावर चौथा अर्धा टेकतो, ती चौथी सीट. तीही मिळाली तर दिवस बरा सुरू झाला म्हणायचं. काहीजण उलट्या दिशेने कल्याणला जाऊन तिथून बसून येतात, म्हणजे बसायला मिळावं म्हणून रोजचा आणखी अर्धा तास मोजतात. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दाराशी लटकलेले प्रवासी दोन गाड्यांमधल्या जागेत पडले आणि त्यांतले काहीजण गेले. एकाच वेळी इतके गेले म्हणून त्याची बातमी झाली. एरवी या शहरात रुळांवर आणि गाड्यांतून पडून वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात आणि त्यातल्या बहुतेकांची नावंही छापून येत नाहीत. कुठल्याही शहराची तुलना करताना हा आकडा बाजूला ठेवता येणार नाही.

तरीही अमरावतीकडून येऊन परळच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेला मी माझा प्रश्न विचारला, तेव्हा तिने घरातल्या आजीबद्दल न सांगता स्वतःबद्दल सांगितलं. रात्री अकराला पाळी संपते. ती स्टेशनवर चालत येते, बायकांच्या डब्यात बसते, डब्यात पोलीस असतो, घाटकोपरला उतरते आणि शेअर रिक्षाने खोलीवर जाते. तिला न्यायला कुणी येत नाही, यावं लागत नाही. गावी असताना संध्याकाळी सातनंतर बाहेर पडायचं तर भावाला विचारावं लागे. या एका गोष्टीसाठी ती दहा बाय दहाच्या खोलीत दोन मैत्रिणींबरोबर राहायला तयार आहे. मुंबई आवडते म्हणणाऱ्या बायकांशी मी जेव्हा जेव्हा बोलले, तेव्हा समुद्र आणि पाऊस यांच्याआधी हेच कारण निघालं.

डोंबिवलीत सत्तरीचे एक काका भेटले. लालबागमधली खोली विकून तिथे दोन खोल्यांचं घर घेतलेले. घर मोठं झालं, हवा खेळती झाली. पण लालबागच्या मित्रमंडळींत जाणं थांबलं, कारण गर्दीच्या गाडीत चढण्याइतका जोर हातांत उरलेला नाही. मुंबईची गाडी कुणालाही कुठेही नेते, पण चढता येणाऱ्यालाच. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण सुरू झाली. तिच्यात सरकते जिने आहेत, उद्वाहनं आहेत, दार बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. असं काही डोंबिवलीपर्यंत पोचलं, तर काकांचा गणपती पुन्हा लालबागला होईल. बेस्टच्या बसचा पाच रुपयांचा टप्पा मे २०२५मध्ये दहा रुपयांचा झाला आणि गाड्यांची संख्या तर कित्येक वर्षं घटतेच आहे. म्हाताऱ्या माणसाला लोकलपेक्षा बस जवळची असते. मेट्रोच्या आनंदात ती दुर्लक्षित राहिली, याचं मला फार वाईट वाटतं.

पुण्यात गाडी काढावी लागते

पुण्याबद्दल लिहिताना दोन पुणी वेगळी धरावी लागतात. एक पेठांचं. सदाशिव पेठेतून निघून लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, महात्मा फुले मंडई असा फेरा आजही चालत होतो. वाडे गेले आणि त्यांच्या जागी इमारती आल्या, तरी गल्लीची रुंदी तीच राहिली, दुकानं दाराशीच राहिली. इथली म्हातारी माणसं दादरच्या आजींसारखीच हिंडती-फिरती आहेत. वाहनांचा धूर आणि कडेला लावलेल्या दुचाक्यांमुळे चालणं अवघड झालं आहे, पण चालण्याजोगं अंतर अजून टिकून आहे.

दुसरं पुणं वाघोली, उंड्री, बाणेरकडचं. २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावं महापालिकेत आली आणि पुण्याची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली, मुंबईपेक्षाही मोठी. यादीत पहिलं येणारं पुणं आणि हे पुणं यांचा पत्ता एकच आहे, दिवस एक नाही.

वाघोलीतल्या एका सोसायटीत मी एका कुटुंबाकडे गेले. घर देखणं. तीन खोल्या, मोठी गच्ची, खाली पोहण्याचा तलाव, मुलांसाठी बाग. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. तो एकटा कुठे जातो, असं विचारलं, तर आईने थोडा विचार करून फाटकापर्यंत असं उत्तर दिलं. शाळेला बस फाटकात येते. शिकवणीला वडील दुचाकीवरून सोडतात, आई आणायला जाते. मित्र शेजारच्या सोसायटीत राहतो, त्याचं घर गच्चीतून दिसतं. पण दोन सोसायट्यांच्या मध्ये भिंत आहे, आणि रस्त्याने जायचं तर आधी नगर रस्त्यावर यावं लागतं, डंपरच्या रांगेतून पुढे जाऊन दुसऱ्या फाट्याने आत शिरावं लागतं. हाकेच्या अंतरावरच्या मित्राकडे जायला गाडी काढावी लागते.

असं का होतं, ते गावाचा जुना नकाशा पाहिला की कळतं. ही सगळी शेतं होती. प्रत्येक शेतकऱ्याचा गट वेगळा, बांध वेगळा. एकेक गट विकला गेला, तशी एकेक सोसायटी उभी राहिली आणि बांधाच्या जागी कुंपण आलं. शेताला मुख्य रस्त्यावरून एक वाट पुरते, ती वाट सोसायटीचा रस्ता झाली. आतले जोडरस्ते विकास आराखड्यात रंगवलेले असतात, पण जागा ताब्यात यायला वर्षंच्या वर्षं जातात. दादरमध्ये रस्ते आधी आणि इमारती नंतर झाल्या, इथे नेमकं उलट झालं. मग घराबाहेर पडणारा प्रत्येकजण एकाच मुख्य रस्त्यावर येऊन अडकतो आणि वाहतूक कोंडीची बातमी होते.

त्या घरातल्या आजी मूळच्या साताऱ्याच्या. साताऱ्यात त्या रोज देवळात, मंडईत, भजनी मंडळात जात. इथे त्यांना येऊन चार वर्षं झाली. इमारतीतल्या लिफ्टची बटणं त्यांना पाठ आहेत, पण शहर त्यांनी मुलाच्या गाडीच्या काचेतूनच पाहिलंय. मुलगा-सून जिवापाड करतात, कशाला नाही म्हणत नाहीत. तरी दर वेळी कुणालातरी सांगावं लागतं, कुणाचा तरी रविवार मोडावा लागतो. मग आजींनी हळूहळू कुठे जायचं मनात आणणंच सोडून दिलं. हे ऐकून मला जितका राग आला, तितका या भ्रमंतीत दुसऱ्या कशाचा आला नाही.

पुण्याला बस सुधारण्याची संधी फार आधी मिळाली होती. डिसेंबर २००६मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका सुरू झाली, देशातल्या अशा पहिल्या प्रयोगांपैकी एक. पण मार्गिका नीट राखली गेली नाही, बसगाड्या पुरेशा आल्या नाहीत. नगर रस्त्यावरची मार्गिका तर पुढे काढूनच टाकली. एकेकाळी सायकलींसाठी ओळखलं जाणारं शहर दुचाकींचं झालं ते हौसेने नाही. ज्याला बसची खात्री नाही, तो कर्ज काढून गाडी घेतो. मार्च २०२२मध्ये मेट्रो आली, सप्टेंबर २०२४मध्ये ती जमिनीखालून स्वारगेटपर्यंत पोचली. पेठांतल्या लोकांना तिचा उपयोग होतोय. पण मेट्रोपासून घरापर्यंतचं अंतर पुन्हा बसने किंवा पायीच कापायचं असतं, आणि नेमकं तेच पुण्यात सगळ्यात कठीण आहे.

सकाळचा टँकर

वाघोलीच्या त्याच सोसायटीच्या फाटकावर सकाळी टँकर उभा होता. नोंदवहीत सुरक्षारक्षक गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहितो, चालक नळी जमिनीखालच्या टाकीत सोडतो, पंप सुरू होतो, तोवर मागे दुसरा टँकर येऊन थांबतो. उन्हाळ्यात ही रांग लांबते आणि दरही चढतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं डोंगरात भरलेली असतात, तेव्हाही इथे टँकर लागतो. कारण वाहिनी पोचलेली नसते. बांधकामाची परवानगी देताना महापालिका बांधकाम व्यावसायिकाकडून हमीपत्र घेते, महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय तो करेल असं. व्यावसायिक सोसायटी हस्तांतरित करून निघून जातो. त्यानंतर टँकरचं बिल रहिवाशांच्या मासिक वर्गणीत येतं. घर घेताना ही रक्कम कुणी हप्त्यात धरलेली नसते.

जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी परिसरात जीबीएस (गिलाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, माणसं दगावली आणि संशय पाण्यावर गेला. तेव्हा विहिरी, टँकर, खासगी शुद्धीकरण केंद्रं असं सगळ्यांचंच पाणी तपासायची धावपळ झाली. एका शहरात किती वेगवेगळ्या ठिकाणचं पाणी माणसं पितात, ते त्या आठवड्यांत उघड झालं. याउलट मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा, विहार, तुळशी अशा सात तलावांतून पाणी येतं. वस्त्यांमध्ये तिथेही हंडे रांगेत लागतात, तिथेही अन्याय आहेच. पण चाळीतल्या आणि मनोऱ्यातल्या नळाचं मूळ एक आहे, आणि ही फार मोठी गोष्ट आहे असं मी मानते.

रुंद रस्ते, कडक ऊन

नागपूरकरांना आपल्या शहराविषयी विचारलं की ते पहिल्यांदा जागेबद्दल बोलतात. इथे वस्तीला ‘लेआउट’ म्हणतात. १९३६च्या कायद्याने आलेल्या सुधार प्रन्यासने आणि मग गृहनिर्माण संस्थांनी आखलेले सरळ रस्ते, चौकोनी भूखंड, फाटक, फाटकाशी कडुनिंब किंवा पारिजातक. धरमपेठेतल्या ज्या घरी मी गेले, तिथले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ पहाटे साडेपाचला अंबाझरीकडे चालायला जातात आणि येताना तर्री पोहे खाऊन येतात. चवथीतली नात सायकलवरून लेआउटभर हिंडते. मुंबईच्या लोकांना हे चित्र दाखवलं तर त्यांचा जीव हळहळेल.

मात्र एप्रिल उजाडला की घड्याळ बदलतं. पारा ४५च्या आसपास जातो आणि अकरा ते पाच या वेळेत बाहेर पडण्याची सोय राहत नाही. घरोघरी कूलर बाहेर निघतात, त्यांना वाळ्याच्या किंवा गवताच्या नव्या ताट्या बसतात, संध्याकाळी अंगणात पाण्याचा सडा पडतो. हवा कोरडी असल्यामुळे ताटीवरून जाणाऱ्या वाऱ्याने खोली खरोखर गार होते. मुंबईत हाच कूलर लावला तर भिंती ओल्या होतील आणि घाम तसाच राहील. म्हणून मुंबईचा माणूस नागपूरच्या उन्हाला घाबरतो आणि नागपूरचा माणूस दादरला उतरल्यावर दोन दिवसांत चिकचिकीला कंटाळतो. शरीराला लहानपणी जी हवा मानवते, तिच्यावर आवडीचा मोठा भाग ठरतो, आणि त्यात वाद घालण्यात अर्थ नाही.

वाद घालण्यासारखं आहे ते सावलीबद्दल. इतक्या उन्हाच्या शहरात मोठ्या रस्त्यांवरची झाडं जपणं ही पहिली गरज होती. गेल्या काही वर्षांत उड्डाणपूल आणि सिमेंटचे रस्ते झपाट्याने झाले, आणि आता उन्हाळ्यात काही सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधाव्या लागतात. मार्च २०१९मध्ये मेट्रो सुरू झाली, डिसेंबर २०२२मध्ये पहिला टप्पा पुरा झाला. सीताबर्डीला दोन मार्ग एकमेकांना भेटतात. गाड्या स्वच्छ, थंड, वेळेवर. पण स्टेशनातून बाहेर पडल्यावर लेआउटपर्यंतचा दीड-दोन किलोमीटर रस्ता सावलीविना असतो आणि आपली बस कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून त्या घरातल्या मोठ्या नातीला सोळावं लागताच स्कूटी मिळाली. तिच्या वर्गातल्या बहुतेक मुलींकडे ती आहे. पावसाचीही कथा वेगळी नाही. २२-२३ सप्टेंबर २०२३च्या रात्री काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत घरांत पाणी शिरलं. रुंद रस्त्यांच्या शहरात नाग नदीला मात्र आक्रसून टाकलेलं आहे, हे त्या रात्री दिसलं.

रात्री पुण्याकडे जाणाऱ्या खासगी बस भरून निघतात. त्यांत तरुण मुलं-मुली. एवढं ऐसपैस शहर सोडून ती वाघोलीतल्या भाड्याच्या खोलीत राहायला जातात, कारण काम तिथे आहे. मागे उरतात मोठी घरं आणि त्यांत दोन-दोन माणसं.

सहासष्ट चौरस किलोमीटर

कोल्हापूर महापालिका १९७२मध्ये झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. ६६.८२ चौरस किलोमीटर. हद्दवाढीसाठी आंदोलनं होतात, आसपासच्या गावांची विरोधातली आंदोलनंही होतात. महापालिकेचं उत्पन्न खुंटतं, बाहेरची वाढ कुणाच्याच देखरेखीखाली राहत नाही, हे नुकसान मोठं आहे. पण शहरातल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर सगळं हाताशी राहिलं. शिवाजी पेठेतून अंबाबाईचं देऊळ, कपिलतीर्थ मंडई, महाद्वार रोड, रंकाळा, खासबाग मैदान, सगळं पायी.

संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेले. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या. गवळी चरवी मांडीत धरून धार काढतो, फेसाळलेलं दूध तसंच पेल्यात ओततो आणि समोर उभा असलेला माणूस उभ्या उभ्या पिऊन टाकतो. तालमीतून आलेली पोरं, दुकान बंद करून आलेले व्यापारी, नातवाचं बोट धरून आलेले आजोबा. त्यातला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा एकटाच आला होता, हातात घरचा तांब्या घेऊन. गवळ्याने त्याला नाव घेऊन हाक मारली, तांब्या भरून दिला, हिशेब घरच्या खात्यावर लिहिला. घर कुठे विचारलं तर त्याने दोन गल्ल्या पलीकडे बोट दाखवलं. माझ्या प्रश्नाचं याहून पुरेसं उत्तर मला कुठेच मिळालं नाही.

इथल्या माणसांना शहराचे दोष माहीत नाहीत असं नाही. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात आणि ३९ इशारा, ४३ धोका हे आकडे शाळकरी पोराच्याही तोंडी असतात. २०१९ आणि २०२१ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा शहर दिवसचे दिवस तुटलं होतं. काळम्मावाडी धरणातून थेट वाहिनीने पाणी यायला २०२३ची दिवाळी उजाडावी लागली. पुराने वेढलेल्या शहरात प्यायच्या पाण्यासाठी टँकर फिरावेत ही कोल्हापूरची जुनी वेदना. महापालिकेच्या केएमटी बस थोड्या. मोठ्या पगाराची कामं त्याहून थोडी. ऑगस्ट २०२५मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं आणि वकिलांच्या तरुण पिढीला मुंबईला न जाता इथेच राहण्याचं कारण मिळालं. अशी कारणं वाढली पाहिजेत. मोठी शहरं आणखी फुगवण्यापेक्षा कोल्हापुरासारख्या शहरात काम नेणं स्वस्तही पडेल आणि माणसांना सुखाचंही होईल, असं माझं ठाम मत झालं आहे.

घर बघायला जाल तेव्हा

बाविशीत मुंबई हवीशी वाटते, मूल झालं की पुण्यातली बाग असलेली सोसायटी, साठीनंतर गाव किंवा पेठ. आवड वयाप्रमाणे सरकते, पण घर एकदाच घेतलं जातं आणि तेही बहुधा पस्तिशीत, जेव्हा हातात गाडी असते आणि गुडघे दुखत नसतात. त्या एका निर्णयात आई-वडिलांचं म्हातारपण, मुलांचं बालपण आणि पुढे स्वतःचं म्हातारपणही बांधलं जातं. मला विचाराल, तर मी दादरच्या गल्लीतली एक खोली घेईन, तिच्याखालोखाल कोल्हापूरची पेठ. नागपूरचं अंगण मला मोह घालतं, पण सावली परत येईपर्यंत नको. वाघोलीतलं ते देखणं घर कुणी फुकट दिलं तरी मी घेणार नाही.

प्रत्येकाला दादर परवडत नाही आणि नोकरी जिथे आहे तिथेच राहावं लागतं, हे मान्य. पण त्याच पैशात, त्याच शहरात दोन जागांमधून निवड करायची वेळ अनेकांवर येतेच. तेव्हा एवढं करा. नमुना सदनिका पाहायला बिल्डरच्या गाडीतून जाऊ नका. कामाच्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, बसने जा. थांब्यावर किती वेळ उभं राहावं लागलं ते पाहा. फाटकातून बाहेर पडून जवळच्या भाजीवाल्यापर्यंत, डॉक्टरपर्यंत, शाळेपर्यंत चालत जा आणि रस्ता कुठे ओलांडावा लागतो ते लक्षात ठेवा. सुरक्षारक्षकाला विचारा, मे महिन्यात रोज किती टँकर येतात. आणि शक्य असेल तर आईला बरोबर न्या. तिला पुढे चालू द्या.